टाइमस्टॅम्प आणि टाइमझोन: साडेपाच तासांचा घोळ मुळापासून कसा टाळायचा

१ एप्रिलला रात्री दीड वाजता एका ग्राहकाने पैसे भरले. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जगभर संदर्भ म्हणून धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेवर, चालत होता, म्हणजे त्याच्या घड्याळात तेव्हा ३१ मार्चचे रात्रीचे आठ वाजले होते. कोडने सर्व्हरची तारीख उचलली आणि पावती मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली.

हा बग चाचणीत सहसा सापडत नाही. भारतीय प्रमाणवेळ (आयएसटी) यूटीसीच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे दोन्हीकडच्या तारखा वेगळ्या पडतात त्या फक्त मध्यरात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळात. सकाळी दहा ते संध्याकाळी सात ऑफिसात बसून कितीही वेळा बटण दाबलं तरी तारीख बरोबरच येणार. म्हणून वेळेचा कोड 'चालतोय ना' एवढ्यावर सोडू नका, तो पायरीपायरीने समजून लिहा.

हा लेख तारीख-वेळेच्या कोडला पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांसाठी आहे. फंक्शनांची आणि झोनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कोडमध्ये ती नेहमीच्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टंकायची.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सर्व्हरचा टाइमझोन. लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' चालवलं की कळतो.
- डेटाबेसच्या सेशनचा टाइमझोन. तो सर्व्हरपेक्षा वेगळा असू शकतो.
- तारीख-वेळ ठेवणाऱ्या प्रत्येक कॉलमचं नाव आणि नेमका प्रकार.
- कंटेनर वापरत असाल तर त्यात टाइमझोनचा डेटा आहे की नाही. अल्पाइन या कंटेनरांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या लिनक्सच्या मूळ प्रतिमेत तो नसतो, 'टीझेडडेटा' हे पॅकेज वेगळं घालावं लागतं.
- वापरकर्ते कुठे आहेत याचं उत्तर: फक्त भारतात की बाहेरही? हे प्रॉडक्टवाल्यांकडून लेखी घ्या.

१. आधी ठरवा: क्षण, तारीख, की घड्याळातली वेळ?

बहुतेक चुका इथेच होतात. 'वेळ' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिली, घडून गेलेला क्षण: पैसे जमा झाले, लॉगिन झालं, ऑर्डर रद्द झाली. हा क्षण पुण्यात आणि न्यूयॉर्कमध्ये एकच असतो, घड्याळं फक्त वेगळे आकडे दाखवतात. तो यूटीसीत साठवा.

दुसरी, नुसती तारीख: जन्मतारीख, बिलाची देय तारीख, सुट्टीचा दिवस. हिला टाइमझोन नसतो. ती 'डेट' प्रकाराच्या कॉलममध्येच ठेवा, मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प (तारीख आणि वेळ मिळून केलेली क्षणाची नोंद) करून ठेवू नका. तसं केलं की कुठेतरी रूपांतर होतं आणि तारीख एक दिवस मागे सरकते. जुन्या जन्मतारखांत तर आणखी एक खड्डा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, भारतातली घड्याळं एक तास पुढे म्हणजे यूटीसी+६:३० वर होती आणि टाइमझोन डेटाबेसमध्ये (प्रत्येक झोनचे जुने-नवे नियम असलेल्या डेटात) याची नोंद आहे. १९४४ साली जन्मलेल्या आजोबांची जन्मतारीख 'एशिया/कोलकाता' वापरून मध्यरात्रीचा टाइमस्टॅम्प म्हणून साठवली आणि दाखवताना सरळ साडेपाच तास मिळवले, तर रात्रीचे अकरा वाजलेले दिसतात आणि तारीख आदल्या दिवसाची येते. पेन्शनच्या किंवा विम्याच्या अर्जात ही चूक महागात पडते.

तिसरी, पुढच्या काळातली घड्याळाची वेळ: 'दर सोमवारी मेक्सिको सिटीत सकाळी ९ ची मीटिंग'. इथे यूटीसी चालत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिकोने देशाच्या बहुतेक भागातून उन्हाळी वेळ काढून टाकली. त्याआधी कुणी एप्रिल २०२३ मधली सकाळी ९ ची मीटिंग यूटीसी १४:०० म्हणून साठवली असेल, तर ती नव्या नियमानुसार सकाळी ८ ला दिसली. सरकारं नियम बदलतात, कधी कधी फार कमी मुदतीत. म्हणून भविष्यातल्या वेळेसाठी स्थानिक तारीख, स्थानिक वेळ आणि झोनचं पूर्ण नाव असं तिन्ही साठवा. यूटीसी आकडा हवाच असेल तर तो सोयीपुरता वेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि नियम बदलल्यावर नव्याने काढा.

२. आकडा पाहून ओळखा

यूनिक्स टाइमस्टॅम्प म्हणजे १ जानेवारी १९७०, ००:०० यूटीसीपासून मोजलेले सेकंद. १७०००००००० हा आकडा घ्या. तो १४ नोव्हेंबर २०२३, २२:१३:२० यूटीसी. भारतात तेव्हा १५ नोव्हेंबरचे पहाटेचे ३:४३:२० झाले होते.

सध्याच्या काळासाठी अंक मोजा: १० अंक म्हणजे सेकंद, १३ म्हणजे मिलिसेकंद, १६ म्हणजे मायक्रोसेकंद, १९ म्हणजे नॅनोसेकंद. जावास्क्रिप्टचं 'डेट डॉट नाऊ' मिलिसेकंद देतं, पायथनचं 'टाइम डॉट टाइम' सेकंद देतं, तेही दशांशासह. दोघांची गाठ पडली की गडबड होते. वरचा आकडा मिलिसेकंद समजून वाचला तर २० जानेवारी १९७० येतो. उलट मिलिसेकंदांना सेकंद समजलात तर वर्ष पंचावन्न हजारांच्या पुढे जातं. कॉलमच्या किंवा फील्डच्या नावातच एकक लिहा, भांडणं वाचतात.

३२ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात हा आकडा २१४७४८३६४७ पर्यंतच मावतो. तो संपतो १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ ला. वीस वर्षांच्या गृहकर्जाचे हप्ते आजच त्या तारखेच्या पलीकडे जातात, तेव्हा हा प्रश्न पुढच्या पिढीवर ढकलू नका. ६४ बिट वापरा.

३. कॉलमचा प्रकार निवडा

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन' घ्या. नाव फसवं आहे: हा प्रकार झोन साठवत नाही. तो आलेली वेळ यूटीसीत बदलून ठेवतो आणि वाचताना सेशनच्या झोनमध्ये दाखवतो. ग्राहकाचा झोन लक्षात ठेवायचा असेल तर त्यासाठी वेगळा कॉलम लागतो. 'विदाऊट टाइम झोन' प्रकार मात्र मजकुरातला +०५:३० चक्क गिळून टाकतो, चूक दाखवतही नाही.

'अ‍ॅट टाइम झोन' वापरताना सावध राहा. झोन असलेल्या वेळेवर लावलं तर ते झोन काढून स्थानिक वेळ देतं, झोन नसलेल्या वेळेवर लावलं तर झोन चिकटवतं. एकच शब्दरचना, दोन उलट कामं.

मायएसक्यूएलमध्ये 'टाइमस्टॅम्प' प्रकार सेशनच्या झोनमधून यूटीसीत रूपांतर करतो, पण त्याची मर्यादा जानेवारी २०३८. 'डेटटाइम' काहीच रूपांतर करत नाही, दिलं ते ठेवतो. दोन्ही चालतात, अट एवढीच की सगळ्या कनेक्शनांचा झोन यूटीसीवर पक्का बांधलेला हवा. 'कन्व्हर्ट टीझेड' नल परत देत असेल तर झोनच्या तक्त्यांत डेटा भरलेला नाही हे पहिलं कारण तपासा.

४. वेळ पाठवताना ऑफसेट लिहाच

दोन प्रणालींमध्ये वेळ पाठवायची तर आयएसओ ८६०१ पद्धतीने: २०२६-०४-०१, मग टी हे अक्षर, मग ०१:३०:००, आणि शेवटी ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, +०५:३०. यूटीसी असेल तर शेवटी झेड. शेपटीशिवाय आलेली वेळ नाकारा. समोरची टीम 'आमचं सगळं आयएसटीतच असतं' म्हणाली तरी नाकारा, कारण त्यांचा सर्व्हर उद्या दुसऱ्या क्लाउडवर जाईल आणि तुम्हाला कुणी सांगणार नाही.

यूआरएलच्या क्वेरीत +०५:३० तसंच लिहिलं तर अधिक चिन्हाची मोकळी जागा होते आणि पार्सर अडतो. तिथे ते एन्कोड करा किंवा यूटीसी पाठवून झेड लावा.

'आयएसटी' हे संक्षेप कोडमध्ये किंवा डेटात कधीही वापरू नका. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघेही ते वापरतात. पोस्टग्रेसच्या १८व्या आवृत्तीआधीच्या मूळ मांडणीत आयएसटी म्हणजे इस्रायल, यूटीसी+२. तुम्ही सकाळी १० आयएसटी लिहिलंत तर प्रत्यक्षात साठते ती भारतातली दुपारी दीडची वेळ. पूर्ण नाव वापरा: 'एशिया/कोलकाता'. 'एशिया/कलकत्ता' हे त्याचंच जुनं नाव आहे, ब्राउझरकडून अजूनही येतं, तेव्हा दोन्ही स्वीकारा. 'ईटीसी/जीएमटी+५' या घराण्यातल्या नावांना मात्र हात लावू नका. त्यांत चिन्ह उलटं असतं: अधिक ५ म्हणजे यूटीसीच्या ५ तास मागे.

५. भाषेभाषेचे खड्डे

जावास्क्रिप्ट: नुसती तारीख, '२०२६-०४-०१', पार्स केली तर ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते. पुढे वेळ जोडली आणि ऑफसेट नसला तर स्थानिक धरली जाते. भारतात पहिल्या प्रकारात सकाळचे साडेपाच येतात, तारीख तीच राहते, म्हणून आपल्याला चूक दिसतच नाही. न्यूयॉर्कच्या वापरकर्त्याला मात्र ३१ मार्च दिसतो. याच्या उलट चूक आपल्याकडे रोज होते: कॅलेंडरवर १ एप्रिल निवडला, ब्राउझरने स्थानिक मध्यरात्र धरली, जेसन करताना ती ३१ मार्च १८:३० यूटीसी झाली, आणि सर्व्हरने पहिले दहा अक्षर कापून ३१ मार्च साठवला. तारीख हवी असेल तर वर्ष, महिना, दिवस वेगळे घेऊन मजकूर बनवा. महिने शून्यापासून मोजले जातात हेही विसरू नका.

पायथन: 'यूटीसीनाऊ' वापरू नका. ते झोन नसलेली वेळ देतं, आणि तिच्यावर 'टाइमस्टॅम्प' बोलावलं की पायथन तिला स्थानिक वेळ समजतो. ३.१२ पासून ते कालबाह्य जाहीर झालं आहे. त्याऐवजी 'डेटटाइम डॉट नाऊ'ला यूटीसी झोन द्या. झोनसाठी ३.९ पासून आलेलं 'झोनइन्फो' घ्या. विंडोजवर त्यासाठी 'टीझेडडेटा' पॅकेज बसवावं लागतं. जुन्या कोडमध्ये 'पायटीझेड' असेल तर झोन थेट 'टीझेडइन्फो' म्हणून देऊ नका, 'लोकलाइझ' वापरा. थेट दिलात तर कोलकात्याची एकोणिसाव्या शतकातली स्थानिक वेळ, +०५:५३, लागू होते आणि प्रत्येक नोंद २३ मिनिटांनी चुकते.

जावा: आठव्या आवृत्तीपासूनचं 'जावा डॉट टाइम' वापरा. क्षणासाठी 'इन्स्टंट', तारखेसाठी 'लोकलडेट', झोनसह वेळेसाठी 'झोन्डडेटटाइम'. पहिल्या पायरीतला फरक इथे प्रकारांच्या नावातच आहे, म्हणून शिकायला ही रचना फार चांगली. फॉरमॅट लिहिताना वर्षासाठी लहान लिपीतला वाय. मोठा वाय म्हणजे आठवड्यांवरून मोजलेलं वर्ष, आणि ते डिसेंबरच्या अखेरच्या काही दिवसांत पुढचं साल दाखवतं.

अँड्रॉइड: हा खड्डा खास आपला. फोनची भाषा मराठी असेल तर तारीख फॉरमॅट करताना आकडे देवनागरीत येतात. पडद्यावर ते सुंदर दिसतात आणि दिसायलाच हवेत. पण तोच मजकूर सर्व्हरला गेला की पार्सर कोलमडतो, आणि तक्रार येते ती फक्त मराठी, नेपाळी, अरबी अशा भाषांत फोन वापरणाऱ्यांकडून. यंत्राला पाठवायच्या मजकुरासाठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची मांडणी) स्पष्टपणे 'रूट' किंवा 'यूएस' द्या. वापरकर्त्याला दाखवण्यासाठी त्याचंच लोकेल ठेवा. फोनची भाषा इंग्रजी करायला सांगणं हा उपाय नव्हे.

६. 'आजची विक्री' काढताना

'आज' ला झोन लागतो. १ एप्रिल २०२६ हा भारतीय दिवस यूटीसीत ३१ मार्च १८:३० ला सुरू होतो आणि १ एप्रिल १८:३० ला संपतो. अट अशी लिहा: सुरुवातीएवढा किंवा मोठा, आणि शेवटापेक्षा लहान. २३:५९:५९ पर्यंतचं 'बिट्वीन' लिहिलंत तर शेवटच्या सेकंदाच्या अपूर्णांकातल्या नोंदी निसटतात. या सीमा कोडमध्ये काढून क्वेरीला द्या. कॉलमवरच तारखेचं फंक्शन लावलंत तर साधा इंडेक्स वापरला जात नाही.

७. उन्हाळी वेळ

भारतात ती नाही, पण अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या ग्राहकांसाठी काम करताना तिच्याशी गाठ पडतेच. २०२६ मध्ये अमेरिकेत ८ मार्चला घड्याळं एक तास पुढे जातात आणि १ नोव्हेंबरला मागे येतात. ब्रिटनमध्ये त्याच तारखा २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर आहेत. न्यूयॉर्कची सकाळी ९ ची मीटिंग उन्हाळ्यात पुण्यात संध्याकाळी ६:३० ला आणि हिवाळ्यात ७:३० ला येते.

न्यूयॉर्कमध्ये ८ मार्चला पहाटे २:३० ही वेळ अस्तित्वातच नाही, आणि १ नोव्हेंबरला १:३० दोनदा वाजतात. म्हणजे एक दिवस २३ तासांचा, एक २५ तासांचा. 'उद्या याच वेळी' आणि '२४ तासांनी' या दोन वेगळ्या सूचना आहेत. गरजेत कोणती अभिप्रेत आहे ते विचारून घ्या. झोनऐवजी नुसता ऑफसेट साठवला असेल तर हे काहीच काढता येत नाही, कारण −०५:०० वरून न्यूयॉर्क की लिमा कळत नाही.

८. क्रॉन

क्रॉन म्हणजे ठरलेल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय. यूटीसीवरच्या सर्व्हरवर त्यात 'दर महिन्याच्या १ तारखेला रात्री १२:३० ला' लिहायचं म्हटलं की अडतं. यूटीसीत ती वेळ आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी १९:०० ला येते, आणि 'महिन्याचा शेवटचा दिवस' साध्या क्रॉनमध्ये लिहिता येत नाही. उपाय तीन. लिनक्सवरच्या सिस्टमडीच्या टायमरमध्ये वेळेनंतर 'एशिया/कोलकाता' लिहिता येतं. कंटेनर सांभाळणाऱ्या कुबरनेटीसच्या क्रॉनजॉबमध्ये 'टाइमझोन' फील्ड आहे, १.२७ पासून स्थिर. आणि सगळ्यात सोपा: काम सकाळी सहानंतर ठेवा, म्हणजे दोन्हीकडे एकच तारीख असते.

९. घड्याळ स्वतः बरोबर आहे का?

सर्व्हर एनटीपीने, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळं जुळवणाऱ्या पद्धतीने, जुळवलेले हवेत. भारतात याला नियमाचाही आधार आहे: सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा यांच्या एनटीपी सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी जुळवायची आहेत. लॉगमध्ये वेळ यूटीसीत आणि शेपटीसह लिहा.

एखादं काम किती वेळ चाललं हे मोजायला मात्र हे घड्याळ वापरू नका. एनटीपीने ते मागे सरकवलं तर कालावधी ऋण येतो. त्यासाठी फक्त पुढेच जाणारं घड्याळ असतं: पायथनमध्ये 'टाइम डॉट मोनोटॉनिक', जावात 'नॅनोटाइम', ब्राउझरात 'परफॉर्मन्स डॉट नाऊ'.

१०. चाचणी

'आत्ता किती वाजले' हे कोडमध्ये जागोजागी विचारू नका. घड्याळ बाहेरून द्या, म्हणजे चाचणीत ते हव्या त्या क्षणी थांबवता येतं. 'टीझेड' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बदलून सगळ्या चाचण्या तीन झोनमध्ये चालवा: यूटीसी, एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यूयॉर्क. तिसरा यासाठी की यूटीसीच्या मागे असलेल्या झोनमधल्या चुका भारतात बसून दिसत नाहीत. क्षण निवडायचे ते असे: भारतीय वेळेनुसार १ एप्रिलचे ००:१० आणि ०५:३५, ३१ डिसेंबरची रात्र, २९ फेब्रुवारी, आणि वरचे उन्हाळी वेळेचे दोन दिवस.

११. जुना डेटा दुरुस्त करायचा असेल तर

आधी बॅकअप. मग तासांनुसार नोंदी मोजा. दुकानाची गर्दी भारतीय वेळेनुसार सकाळी ११ ला असते हे माहीत असेल आणि तक्त्यात शिखर ५:३० च्या आसपास दिसत असेल, तर कॉलम यूटीसीत आहे. दोन शिखरं दिसली तर दोन प्रकारच्या नोंदी मिसळल्या आहेत. मग कोणत्या डेप्लॉयनंतर किंवा कोणत्या स्रोताकडून फरक पडला ते शोधून भाग पाडल्याशिवाय एकही ओळ बदलू नका. पोस्टग्रेसमध्ये कॉलमचा प्रकार बदलताना 'यूझिंग' कलमात जुना झोन स्पष्ट लिहा. नाही लिहिला तर सेशनचा झोन धरला जातो.

१२. फरकाच्या आकड्यावरून निदान

तक्रार आली की पहिल्यांदा विचारा: नेमका कितीचा फरक?

- ५ तास ३० मिनिटं: रूपांतर एकदा राहिलं, किंवा एकदा जास्त झालं.
- ११ तास: चुकीच्या दिशेने झालं, म्हणजे मिळवायचे तिथे वजा केले.
- ३ तास ३० मिनिटं: आयएसटीचा अर्थ इस्रायल घेतला गेला.
- २३ मिनिटं: पायटीझेड.
- १ तास: उन्हाळी वेळ, किंवा टाइमझोनचा डेटा जुना.
- १२ तास: फॉरमॅटमध्ये मोठ्या एचऐवजी लहान एच.
- १ दिवस: तारखेचा टाइमस्टॅम्प केला गेला.
- १ जानेवारी १९७०, सकाळी ५:३०: किंमत शून्य किंवा रिकामी होती.
- जानेवारी १९७० मधली इतर कुठलीही तारीख: सेकंदांना मिलिसेकंद समजलं गेलं.